दीड तासातल्या बरगड्या

"दीड तासात होतं, वहिनी," असं केरू म्हणाला, त्याच वेळी सरूच्या मनात पाल चुकचुकली.

पेणजवळच्या गडब गावात हायवेला लागून सरूची खानावळ होती. नवरा गेल्यापासून सहा वर्षं ती एकटीच चालवत होती. हाताखाली रंभा होती, गावामागच्या आदिवासी वाडीवरची. भांडी, पाणी, वाटण, सगळं रंभाच बघायची. डोलवीच्या कंपनीतले कंत्राटी कामगार शिफ्ट सुटली की जेवायला येत. डाळ-भात, सुकट, तांदळाची भाकरी, रविवारी कोंबडी. पण २००९ साली रस्त्यापलीकडे टीव्ही लावलेला मोठा ढाबा सुरू झाला आणि सरूची बाकडी दुपारीसुद्धा रिकामी दिसायला लागली.

त्याच सुमाराला केरू आला. तो तिच्या नवऱ्याचा मावसभाऊ, रोह्याकडचा. चौदा वर्षं गोव्यात समुद्रकाठच्या एका हॉटेलात त्यानं निखाऱ्यावर मांस भाजायचं काम केलं होतं. हॉटेल बंद पडल्यावर तो घरी परतला होता.

"डोलवीत झारखंडचे लोक हायत, नागालँडचे हायत, केरळचे हायत," तो म्हणाला. "त्यांना डुकराचं कुठं मिळतंय इकडं? मागची पडवी मला द्या. फक्त रविवारी करतो. बरगड्या. रोह्याला एकजण डुकरं पाळतो, स्वच्छ शेडमधली, मी स्वतः बघून आलोय. सकाळच्या गाडीनं कासूला उतरलो की रिक्षानं इथं."

"आणि शिजवणार कधी? आदल्या दिवशी?"

"छ्या! दीड तासात होतं, वहिनी."

गावात रानडुक्कर सगळ्यांनी खाल्लेलं होतं. ते चुलीवर दुपारपासून दिवेलागणीपर्यंत रटरटत राहतं हे पोरासोरांनाही माहीत होतं. आणि हा दीड तास म्हणत होता, तेही पाण्यावाचून, नुसत्या निखाऱ्यावर. पण गिऱ्हाईक हवं होतं. सरूनं त्याला पडवी दिली, अटी घालून. भांडी वेगळी, सुऱ्या वेगळ्या, खानावळीच्या आतल्या चुलीशी त्याचा संबंध नाही.

तिच्या संशयाचं एक कारण होतं, ते तिनं गडबला कुणाला सांगितलं नव्हतं. तिचं माहेर कासूचं. ती अकरा वर्षांची असताना बापाच्या सोबत्यांनी रानडुक्कर आणलं होतं. पुरुषमंडळींना घाई झालेली. तिचा मोठा भाऊ पोपट तर निखाऱ्यावरून अर्धवट भाजलेले तुकडे उचलून खात होता. दोनेक वर्षांनी त्याला फिट यायला लागल्या. पेणच्या डॉक्टरनं विचारलं, डुकराचं कच्चं मांस खाल्लं होतं का कधी? त्यातून जंत होतात, ते डोक्यातही जातात, तसं असू शकेल. डॉक्टरला स्वतःला खात्री नव्हती. आईला मात्र होती. एकोणिसाव्या वर्षी पोपट शेतात फिट येऊन बांधालगतच्या पाण्यात तोंडावर पडला. पाणी घोट्याएवढंही नव्हतं. भाकरी घेऊन गेलेल्या सरूलाच तो सापडला होता.

पहिल्या रविवारी ती पडवीच्या दारात उभी राहून केरूचं सगळं बघत राहिली. त्यानं तेलाचा ड्रम उभा चिरून शेगडी केली होती, दुसरा अर्धा भाग झाकण म्हणून. बरगड्यांच्या आतल्या बाजूला एक पातळ पापुद्रा असतो. त्याखाली त्यानं चमच्याचं टोक घातलं, फडक्यात धरला आणि एका ओढीत सोलून काढला.

"हा ठेवला तर चामडं होतं," तो म्हणाला. "मसाला आत जात नाय, आचही जात नाय."

लसूण, मिरी, मिरची आणि मीठ चोळून झाल्यावर त्यानं पेटलेला कोळसा ड्रमच्या दोन्ही कडांना सारला, मधे जागा मोकळी ठेवली आणि जाळीवर तळहात धरून मोजायला लागला. पाचला हात मागे घेतला.

"हॉटेलात मंद आचेवर सहा-सहा तास ठेवायचे. माणूस कंटाळायचा वाट बघून. मग आमच्या वस्तादानं ही रीत काढली. आच चढवायची, पण मांस निखाऱ्यावर नाय, बाजूला ठेवायचं. वर झाकण. पाऊण तासानं केळीच्या पानात गुंडाळायचं, वरून चांदीचा कागद, म्हणजे स्वतःच्या वाफेत मऊ होतं. शेवटी उघडून गूळ आणि कोकमाचं आगळ. गूळ आधी लावला तर करपतो."

दीड तासानं त्यानं चिमट्यानं बरगड्यांची एक पट्टी मधोमध उचलली. ती दोन्हीकडे वाकली आणि वरचा थर भेगाळला. हाडांची टोकं बोटाच्या पेराएवढी उघडी पडली होती.

"ही खूण. झालं."

"काप," सरू म्हणाली.

त्यानं कापली. मांस हाडाला धरून होतं, पण बोटानं सुटत होतं. सरूची नजर मात्र दुसरीकडे गेली. कडेच्या आत, करपलेल्या थराच्या खाली, लाल रंगाची रेघ दिसत होती. हाडापाशीही लालसर.

"भावोजी, हे कच्चं हाय."

"धुराचा रंग हाय तो, वहिनी. कोळशावर बंद करून भाजलं की राहतो. हात लावून बघा, रस नितळ येतोय."

सरूनं हात लावला नाही. बाहेर बारा-तेरा जण बसले होते. त्यांनी हाडं चाटूनपुसून ठेवली आणि पुढच्या रविवारची विचारणा करून गेले.

सोमवारपासून तिचा पहारा सुरू झाला. जेवायला आलेल्या माणसाला ती भात वाढता वाढता विचारायची, "काल पोट ठीक होतं ना?" रांचीचा एकजण तीन दिवस आला नाही तेव्हा ती येईल त्याला त्याच्याबद्दल विचारत राहिली. चौथ्या दिवशी तो आला, सुट्टी घेऊन नातेवाइकाकडे गेला होता. तरी तिनं त्याच्या तोंडाकडे, डोळ्यांकडे नीट निरखून पाहिलं. केरू मसाल्याचा डबा पडवीत ठेवून जायचा. तो तिनं उघडून हुंगला. मांस लवकर मऊ करायची कसली पावडर असेल असं तिला वाटत होतं. मिरीची पूड आणि वाळलेली मिरची, बाकी काही नव्हतं. मग ती एका गुरुवारी रोह्याला जाऊन त्या डुकरांच्या शेडच्या बाहेरून चक्कर मारून आली. फरशी धुतलेली होती, डुकरं गोरी आणि स्वच्छ होती. संशयाला जागा मिळेना, पण संशय जाईनाही. उलट, सापडत नाही म्हणजे नीट लपवलंय, असं तिला वाटायला लागलं.

रविवारची गर्दी वाढत गेली. बाकडी कमी पडायला लागली. केरू आणि रंभाचं चांगलं जमलं होतं. पापुद्रा कसा सोलायचा हे त्यानं तिला शिकवलं होतं आणि आता ती त्याच्यापेक्षा सफाईनं सोलायची. सरूला तेही खुपायचं. हे दोघं मिळून आपल्यापासून काही लपवतात का, असा विचार तिच्या मनात यायचा.

जानेवारीत पेणचा काळुराम आला. कंपनीत मजूर पुरवायचं त्याचं काम होतं. एका शेडचं बांधकाम संपलं म्हणून त्याला येत्या रविवारी दुपारी तीस माणसांचं जेवण हवं होतं, सगळ्यांना बरगड्या.

"बायका-पोरं पण येणार हायत," तो जाताना म्हणाला.

पोरं हा शब्द सरूच्या डोक्यात बसला. मोठ्या माणसांनी खाल्लं तर त्यांचं ते बघून घेतील. पण पोरं?

रविवारी सकाळी केरूनं मांस आणलं, रंभानं सोललं, त्यानं प्रत्येक पट्टीचे दोन तुकडे करून बर्फाच्या खोक्यात ठेवले. मग कोळशाचं पोतं उघडलं तर खालचा अर्धा कोळसा ओला निघाला.

"पेणहून दुसरा आणतो. दहापर्यंत येतो. मसाला वाटून ठेव रंभा, लावायचं मी आल्यावर."

तो गेला. रंभानं मसाला वाटला. सरू थोडा वेळ चुलीपुढे बसून राहिली, मग म्हणाली, "रंभा, वाडीवर जाऊन केळीची पानं आण गो. घरात हायत ती पुरायची नायत."

रंभा गेल्यावर सरूनं खोकं आत नेलं. खानावळीचे भाताचे दोन मोठे कुकर होते. डुकराच्या मांसाला आतल्या भांड्याचा स्पर्श नको, ही तिचीच अट. पण वेगळा कुकर नव्हता. तिनं त्याच कुकरांत पट्ट्या कोंबल्या, मीठ-हळद घालून चार-चार शिट्ट्या काढल्या, पुन्हा दुसरी खेप लावली. बाहेर काढल्यावर मांस राखाडी झालं होतं. तिनं ते पंच्यानं कोरडं केलं, रंभानं वाटलेला मसाला जाड थापला आणि परत खोक्यात ठेवलं. मग कुकर राखेनं तीनदा घासले. मनात बरं वाटत होतं. आता काही झालं तरी कच्चं राहणार नाही. वरून केरूनं काय भाजायचं ते भाजावं.

केरूला यायला साडेदहा झाले. घाईघाईनं त्यानं कोळसा पेटवला आणि खोकं उघडलं.

"मसाला कुणी लावला?"

सरू आतून बाहेर येत होती. "मी" असं म्हणायला तिला काहीच अडचण नव्हती. पण का लावला, हा पुढचा प्रश्न तिला ऐकू आल्यासारखा झाला.

"रंभानं लावला असंल," ती म्हणाली.

रंभा तेव्हा पुढच्या अंगणात पानं धूत होती. केरू "बरं केलं, वेळ वाचला" असं पुटपुटला आणि पट्ट्या जाळीवर ठेवून झाकण लावलं.

पंचवीस मिनिटांनी त्यानं उघडून पहिली पट्टी चिमट्यानं उचलली. हाडं वर आली आणि मांस खालीच राहिलं. दुसरी उचलली, तिचंही तेच. शिजून निघालेलं मांस त्या आचेवर कोरडं पडून जाळीतून सुटत होतं आणि निखाऱ्यांत पडून जळत होतं. कोरडा मसाला करपून काळा धूर उठला. केरू दोन्ही हातांनी पट्ट्या बाजूला काढायला लागला, बोटं भाजली, पण सहाएक तुकड्यांपलीकडे काही वाचलं नाही. ते त्यानं तोंडात टाकून पाहिले. दोरखंडासारखे धागे, चव पाण्यात गेलेली.

"हे कुणीतरी उकडलंय," तो म्हणाला.

तेवढ्यात काळुराम आणि त्याची पहिली माणसं येऊन पोचली होती. धूर बघून ती सरळ मागे आली. पडवीत दहा-बारा माणसं जमली. केरूनं रंभाला हाक मारली.

"मसाला तू लावलास ना? मग मांस तूच काढलं असशील. का उकडलंस गो?"

"मी नाय लावला," रंभा म्हणाली.

"रस्सा हवा असंल घरी न्यायला," काळुराम म्हणाला. "वाडीवरच्यांना आत ठेवता, मग असंच होणार."

केरूनं त्याला गप्प बसवायला हवं होतं. त्यानं बसवलं नाही. "सांगितलं असतंस तर मीच दिलं असतं तुला," तो रंभाला म्हणाला, आणि ते अधिकच लागलं.

रंभानं सरूकडे पाहिलं. रागानं नाही, नुसतं पाहिलं, सरूच्या बोलण्याची वाट बघितल्यासारखं. सरूच्या हातात पाण्याचा तांब्या होता. ती तो घेऊन तशीच उभी राहिली. मग रंभानं ओले हात पदराला पुसले आणि मागच्या वाटेनं निघून गेली.

काळुरामची माणसं पलीकडच्या ढाब्यावर जेवली.

सोमवारी रंभा आली नाही, मंगळवारीही नाही. केरूनं मांसाच्या खोक्याला कडी बसवली आणि कुलूप आणलं. येणाऱ्या-जाणाऱ्याला तो घडलेलं सांगायचा आणि शेवटी म्हणायचा, "वहिनी पहिल्यापासून सावध होत्या. मलाच माणसं ओळखता येत नायत."

हे वाक्य सरूनं दोन दिवसांत पाच-सहा वेळा ऐकलं. बुधवारी दुपारी दोघंच असताना तो तेच परत बोलायला लागला, तेव्हा ती हातातलं पाखडायचं सूप खाली ठेवून म्हणाली, "भावोजी, मी उकडलं."

केरूला आधी कळलंच नाही.

"भाताच्या कुकरात. तुम्ही पेणला गेलात तवा. रंभाला मीच पानं आणायला लावलं."

मग ती पोपटचं सगळं बोलली. निखाऱ्यावरचे तुकडे, फिट, पेणचा डॉक्टर, बांधावरचं पाणी. पस्तीस वर्षांत पहिल्यांदा ती हे मोठ्यानं बोलत होती.

"मला विचारायचं होतंत," शेवटी तो म्हणाला. "पेणला दोघं गेलो असतो डॉक्टरकडं. पूर्ण शिजलं की काय होत नाय, त्यानंच सांगितलं असतं. नायतर बंदच केलं असतं मी. ते समजू शकतो मी, वहिनी. पण तिचं नाव का घेतलंत?"

नाव सरूच्या तोंडातून निघालं, एवढंच. आणि एकदा निघाल्यावर ते परत घ्यायचं तर समोर पडवीभर माणसं होती.

"आणि मी लगेच खरं धरलं," केरू म्हणाला. त्यानं खिशातून कुलपाची किल्ली काढली, नुसती बघितली आणि परत खिशात ठेवली.

दुसऱ्या दिवशी सरू वाडीवर गेली. रंभा दारात शेणानं सारवत होती. तिनं "बसा" म्हटलं नाही, "जा" म्हटलं नाही.

"चुकलं माझं," सरू म्हणाली. "मीच उकडलं होतं."

"मला ठावं हाय. पानं घेऊन आले तवा कुकरची शिटी होत होती. मागच्या दाराशी होते मी."

"मग तिथं बोलली का नायस?"

रंभा सारवायची थांबली. "माझं कुणी ऐकलं असतं? तुमी होतात की उभ्या. तुमी बोलणार म्हणून गप राहिले मी."

सरूनं मान खाली घातली. मग म्हणाली, "उद्यापासून ये."

"इथं येऊन सांगितलंत, इथं कोण होतं ऐकायला? ज्यांनी तवा ऐकलं त्यांच्यापुढं सांगा. मग बघू."

सरूला वाटलं, हिला माझा सूड घ्यायचाय. रस्ताभर ती तेच घोकत आली. घरी पोचेपर्यंत तिला स्वतःचीच किळस आली. जिच्यावर आळ घेतला तिच्यावरच पुन्हा संशय.

रविवारी केरूनं शेगडी पेटवली नाही. तो स्वतः पेणला जाऊन काळुरामला आणि त्याच्या त्या दिवशीच्या माणसांपैकी जेवढे मिळाले तेवढ्यांना घेऊन आला. नेहमीचे कामगार होतेच. रंभा येऊन हातपंपाजवळ उभी राहिली. सरू बाकड्यांच्या मधे उभी राहिली आणि तिनं सांगितलं. मांस मी उकडलं. माझ्याच कुकरात. रंभानं हातसुद्धा लावला नव्हता. मी खोटं बोलले.

मग गावातला दाजी, जो बारा महिने तिच्याकडे जेवत असे, हळूच म्हणाला, "कुकर म्हणजे भाताचा? त्याच कुकरातला भात सोमवारी आम्ही खाल्ला?"

"तीनदा घासला होता, दाजी."

"घासलंस, पण सांगितलं नायस," दाजी म्हणाला आणि उठला. त्याच्याबरोबर आणखी तिघंचौघं उठले. रानातलं डुक्कर खाणारी हीच माणसं होती. पण ते वेगळं आणि न सांगता भाताच्या भांड्यात पाळलेलं डुक्कर वेगळं. सरूला त्यांचं म्हणणं खोटं ठरवता येईना. काळुराम रंभाकडे न बघता "चला, झालं गेलं" म्हणाला आणि मोटारसायकलकडे वळला. केरूनं त्याची वाट अडवली.

"तू पण काहीतरी बोलला होतास, काळुराम. आणि मी पण." तो रंभाकडे वळून म्हणाला, "चुकलो गो मी."

काळुराम काहीतरी पुटपुटला. ते रंभाला ऐकू गेलं की नाही कुणास ठाऊक.

त्यानंतर आठवड्यानं रंभा कामावर आली. पण आता ती भांडी घासायची नाही, केरूबरोबर शेगडीवर उभी राहायची. आच बघायला तीच हात धरायची. केरूपेक्षा तिचा अंदाज नेमका होता. सरूनं एका रविवारी, सगळे जेवून गेल्यावर, एक बरगडी मागून घेतली आणि दारात बसून खाल्ली. मग दुसरी मागितली.

दाजी परत आला नाही. बाकीचे दोन-तीन महिन्यांत एकेक करून आले. सरूनं नवे कुकर घेतले आणि जुने मोडीत दिले, सगळ्यांना दिसतील असे.

रंभाशी बोलणं मात्र कामापुरतंच राहिलं. ती हसून बोलली तरी सरूला वाटायचं, मनात काय असेल हिच्या? ती गप्प असली तरी तेच वाटायचं. रंभा आत एकटी असली की सरू काही ना काही निमित्त काढून डोकावून यायची. चोरीचा संशय नव्हता. आपल्याला माफ केलंय का, एवढंच तिला बघायचं असायचं. पण डोकावणं ते डोकावणंच.

दोन वर्षांनी हायवे रुंद करायचं काम सुरू झालं आणि मागची पडवी पाडून पुढची खानावळ आत सरकवायची वेळ आली. शेगडीला जागा उरली नाही. केरूनं रोह्याला एक गाळा बघितला. ड्रम टेम्पोत चढवायच्या दिवशी रंभाही आपलं बोचकं घेऊन आली. तिच्या नवऱ्याला तिकडे वीटभट्टीवर काम मिळालं होतं, पण ते निमित्त होतं हे सरूला कळत होतं.

"इथं काय कमी पडलं गो?" सरूनं विचारलं.

रंभानं बोचकं टेम्पोत ठेवलं. "कमी काय नाय पडलं. तिथं मी एकटी आत असले तरी मागून कुणी बघत नसंल."

सरूनं आत जाऊन भाकऱ्या बांधून आणल्या आणि रंभाच्या हातात दिल्या. रंभानं त्या घेतल्या, गाठ नीट आवळली आणि केरूच्या शेजारी जाऊन बसली. टेम्पो नागोठण्याच्या दिशेनं निघून गेला.